पाळण्याच्या कडीला ओळंबा

तिसगाव, ता. पाथर्डी
दि. ५ ऑक्टोबर १९९३

चि. रश्मीस आबांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि मग बाकीचं. तिघं म्हणजे मी, तुझी आई आणि तुझी सायली. पाच वर्षांची पोर महिन्याभरासाठी आजोळी आली आणि आता घराची मालकीणच झाली आहे.

गुरुवारी पहाटे किल्लारीला जे झालं ते तू ऐकलंच असशील. आपल्याकडे फडताळातली भांडी वाजली. तुझी आई उठून बसली आणि मी मांजर असेल म्हणून कूस बदलली. सकाळी रेडिओ लावला तेव्हा मात्र हातातला चहा सांडला. रश्मी, तिथली घरं आपल्या घरासारखीच गं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. माणसं झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून आपली सगळी वस्ती अंगणात झोपते.

अफवांना तर ऊत आला आहे. डोंगरातून धूर निघतो म्हणे. शेजारच्या गोरक्षनाथच्या बोअरला गरम पाणी आलं म्हणे. मी ताप बघायचं थर्मामीटर घेऊन गेलो आणि बादलीत बुडवलं. पारा जागचा हलला नाही, तेव्हा बोअरला ताप नाही असं मी जाहीर केलं. लोक हसले. पण खरं सांगतो, मी काही हसलो नाही. हा सगळा मुलूख लाव्ह्याचा बनला आहे, असं मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. शिकवताना भीती कधी वाटली नव्हती.

तुला नोव्हेंबरची शेवटची तारीख दिली आहे. दसरा झाला की जीप करून तुला बाळंतपणाला आणायचं ठरलंय आणि आईने मधली खोली सारवून ठेवली आहे. पण तुला इथे आणणं बरोबर आहे का, हे नुसतं लोकांचं ऐकून ठरवणाऱ्यातला मी नाही. म्हणून मोजायला सुरुवात केली आहे. गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि मधल्या खोलीत तुळईच्या कडीला टांगला. कडी तीच, जिला तुझा पाळणा होता आणि नंतर सायलीचा. खाली शहाबादी फरशीवर चाळलेली राख पसरली आहे. ओळंब्याचं टोक फरशीपासून बरोबर एक इंच, म्हणजे आठ सूत वर आहे. भुई हलली तर टोक राखेत रेघ ओढेल. भुई उचलली, म्हणजे पोटात काही शिजत असलं, तर अंतर कमी होईल. रोज सकाळी सात वाजता माप घेऊन वहीत लिहितो. तुझी आई म्हणते, म्हातारा चळला.

महेंद्ररावांना जयभीम. तब्येतीला जप आणि आम्हाला दोन ओळींची तरी आठवण ठेव.

तुझे,
आबा



नागापूर, अहमदनगर
दि. ९ ऑक्टोबर १९९३

ती. आबा आणि आई यांना रश्मीचा साष्टांग जयभीम.

पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. आबा, तुम्ही तर माझ्याच खात्यात घुसलात की! वर्कशॉपमध्ये सहा वर्षं इन्स्पेक्शनला मी मापं घेते आणि आता वहीत आकडे तुम्ही भरणार. मग साहेबी प्रश्न विचारते, रागावू नका. ओळंबा कशाने टांगलाय? सुताच्या दोरीने असेल तर ती दमट हवेत लांबते. दोरी बदला, नाहीतर भुईवर उगाच आळ येईल.

इथे आमची वेगळीच गंमत आहे. गंमत कसली, माझी झोप उडाली आहे. पलीकडच्या कारखान्यात पॉवर प्रेस आहे. तिचा धप्प आवाज झाला की खोलीची खिडकी वाजते. चार वर्षं तो आवाज मला ऐकूसुद्धा यायचा नाही. आता प्रत्येक धप्पला मी पोट धरून दारात जाऊन उभी राहते. महेंद्र आधी चिडवायचा. परवा तोच माझ्या आधी दारात पोचला होता.

पायांवर सूज आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तदाब जरा वर आहे, मीठ कमी करा. आई, मला तुझ्या हातचं काहीतरी अळणी खायचं आहे, म्हणजे अळणीसुद्धा गोड लागेल.

सायलीला राखेत हात घालू देऊ नका आणि तिला अंगणातच झोपवा. तिचा पापा घ्या. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमची,
रश्मी



तिसगाव
दि. १७ ऑक्टोबर १९९३

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

लेक साहेब झाली की बापाने ऐकायचं असतं. दोरी काढली आणि सायकलच्या ब्रेकची पोलादी तार लावली. ही काही लांबत नाही. बारा तारखेला पुन्हा आठ सुतावर टोक बसवलं आणि वहीचं पान नव्याने सुरू केलं.

आता नीट वाच. काल सकाळी माप साडेसात सूत आलं. मी चष्मा पुसून पाहिलं, पट्टी बदलून पाहिलं. साडेसातच. राखेत रेघ नाही, म्हणजे कंप नाही. पण अंतर कमी झालं आहे. माझ्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय की ज्वालामुखी जागा होण्याआधी वरची जमीन फुगते. ते वाक्य काल मी तीनदा वाचलं.

दुसरी खूणही आहे. मधल्या खोलीचं दार दहा दिवसांपासून घट्ट बसतंय. उंबरा खालून उचलला जात असला पाहिजे. तुझी आई मात्र वेगळंच गाऱ्हाणं घेऊन बसली आहे, वरून पिठात माती पडते म्हणून. तिला म्हटलं, जमिनीचं पोट फुगलंय आणि तुला पिठाची पडली आहे. रोज सकाळी भिंतीवरनं काहीबाही झाडून काढते आणि ती धूळ माझ्या राखेत पाडते. यावरून आमचं दोनदा वाजलं.

वस्तीतली माणसं आता सकाळी चहा घ्यायच्या आधी आपल्या दारात येतात आणि गुरुजी, आज किती सूत म्हणून विचारतात. देवऋष्याकडे जायचे ते ओळंब्याकडे येऊ लागले. तीस वर्षांत शाळेत एवढी हजेरी मी पाहिली नव्हती. एरवी मला याचा अभिमान वाटला असता. आता त्यांना आकडा सांगितला की मी लगेच वही मिटून आत जातो.

तू घाबरू नकोस. औषधं वेळेवर घे आणि उलटटपाली कळव.

तुझे,
आबा



नागापूर
दि. २१ ऑक्टोबर १९९३

ती. आबा आणि आई यांना जयभीम.

घाबरू नकोस असं लिहून पत्र संपवता, आबा, पण त्याआधी दीड पान घाबरवता.

माझं ऐका. रक्तदाब आणखी वर गेला आहे. डॉक्टरीणबाईंनी कामावर जाणं बंद केलं आणि तीन आठवडे पडून राहायला सांगितलंय. एसटी, जीप काही नाही. पाथर्डीच्या रस्त्यावर बसलात तर वाटेतच मोकळ्या व्हाल, असं सरळ तोंडावर म्हणाल्या. दसऱ्यानंतर यायचं ते राहिलंच. आता दिवाळीच्या सुमारास, त्यांनी हो म्हटलं तर.

पण मला यायचंच आहे. सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. इथे दहा बाय दहाची खोली, महेंद्र पाळीवर, शेजारीण स्वतः कामाला जाते. आई जवळ नसताना मी हे बाळंतपण कसं काढू? सायलीच्या वेळचं तुम्हाला आठवतं ना. आई नसती तर मी उठले नसते. आणि तुम्ही म्हणता तिथली भुईच फुगते आहे. मग मी कुठे येऊ?

दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहते आणि डोळ्यांपुढे सायली दिसते. तिला कुणाबरोबर तरी इकडे पाठवा, नाहीतर मला खात्रीने सांगा की भीती नाही. दोन्हींपैकी एक करा, आबा. तुमची मापं मला रोजच्या रोज लिहून पाठवा, त्या दिवशी काय काय झालं तेही. मला इथे दुसरं काम नाही.

तुमची,
रश्मी



तिसगाव
दि. २७ ऑक्टोबर १९९३

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद.

मापं मागितलीस, ती देतो. तुझ्यापासून लपवून काय उपयोग. एकोणीस तारखेला सात सूत. बावीस आणि तेवीसला सातच्या किंचित खाली. बावीसला दुपारी जो पाऊस सुरू झाला तो रात्रभर कोसळला. मधली खोली चार ठिकाणी गळायला लागली. वस्तीतले गडी दसऱ्याआधीच ऊसतोडीला गेले, गोरक्षनाथही गेला, मग तेवीसला मीच माळवदावर चढलो आणि पांढरी माती टाकली. बारा पाट्या टाकून धुम्मसाने चोपली. पासष्टाव्या वर्षी हे करून दाखवलं म्हणून आईने शाबासकी द्यायची सोडून शिव्या दिल्या. गळती मात्र थांबली.

चोवीसला सकाळी पाच सूत. एका दिवसात जवळजवळ दोन! मी तिथेच खाली बसलो. सव्वीसला चार. आज साडेतीन. दार आता बंदच होत नाही.

अंगणात चिखल झाला आहे, म्हणून पावसापासून आम्ही मधल्या खोलीत झोपतो. काळजी करू नकोस, हा मी विचार करून घेतलेला निर्णय आहे. राखेत एकही रेघ नाही, म्हणजे भूकंपाने घर पडायचं भय नाही. ज्वालामुखी आधी सूचना देतो. ओळंब्याजवळच असलो तर सूचना आपल्याला सगळ्यांच्या आधी मिळेल. सायलीची पथारी ओळंब्यापासून हातभर अंतरावर आहे. माझ्या नजरेसमोर राहते.

मी ठरवलंय, टोक दोन सुतावर आलं की घर सोडायचं. आई आणि सायलीला दुधाच्या टेम्पोने तुझ्याकडे पाठवीन. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढून मग मी निघेन. आणि तू, बाळ, काही झालं तरी इकडे येऊ नकोस. आईने तुझ्यासाठी पाळणा काढून घासूनपुसून भिंतीला उभा करून ठेवला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझे,
आबा



नागापूर
दि. ३० ऑक्टोबर १९९३

आबा,

हे पत्र महेंद्र पहिल्या गाडीने स्वतः घेऊन येतो आहे. पुढची ओळ वाचायच्या आधी आईला आणि सायलीला मधल्या खोलीतून बाहेर काढा. तुम्हीही बाहेर या. अंगणात उभे राहा आणि मग वाचा.

भुई वर येत नाही. तुळई खाली येते आहे.

तुमचं पत्र काल संध्याकाळी आलं. आकडे मी कागदावर एकाखाली एक मांडले आणि शेजारी त्या दिवशी काय झालं ते लिहिलं. पावसाच्या आधी दहा दिवसांत जेमतेम एक सूत. तेवीसला तुम्ही बारा पाट्या माती टाकलीत आणि चोवीसला एकदम दोन सूत. आबा, तुम्ही माळवदावर माती टाकली हे खालच्या भुईला कसं कळलं?

आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात की माप चुकलं तर आधी बघायचं, गेज कशाला धरलंय. तुमची फरशी पक्की, तार पक्की. कडीकडे कुणी पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. मी दोरीवर शहाणपण शिकवत बसले. दार घट्ट बसतं कारण चौकटीवर वरून भार येतोय. पिठात पडते ती माती वाळवीची आहे. आई रोज भिंतीवरनं झाडते त्या वाळवीच्याच नळ्या असणार. ती तीन आठवडे सांगते आहे.

आजोबांच्या वेळची तुळई, त्यावर दर वर्षी पाट्या पाट्या माती, आता पावसाने भिजलेली. आणि खाली माझी पोर, हातभर अंतरावर.

मी निघाले होते. चपला घातल्या होत्या. महेंद्रने पोटातल्या बाळाची शपथ घातली म्हणून थांबले. त्याच्याबरोबर उलट निरोप येईपर्यंत मी इथे कशी बसणार ते मला माहीत नाही. आत पुन्हा जाऊ नका. भांडी, धान्य, वही, काही आणायला जाऊ नका.

रश्मी



तिसगाव
दि. ३१ ऑक्टोबर १९९३

चि. रश्मी,

सायली सुखरूप आहे. आई सुखरूप आहे. महेंद्रराव सुखरूप आहेत आणि हे पत्र घेऊन सायलीसह तुझ्याकडे निघाले आहेत. मीही आहे.

महेंद्रराव काल साडेअकराला आले. तू पहिल्याच ओळीत लिहिलंस, आधी बाहेर काढा आणि मग वाचा. मी मास्तर माणूस, आलेला कागद उभ्याउभ्या वाचायची सवय. मधल्या खोलीत, त्याच तुळईखाली उभं राहून मी चष्मा लावला. माझ्या पायाशी सायली बाहुलीला निजवत होती. दुसरी ओळ वाचली आणि माझी मानच वर जाईना. महेंद्ररावांनी थांबून विचारलं नाही. त्यांनी पोरीला उचललं, आईला दंडाला धरलं आणि मला अक्षरशः ढकलत बाहेर काढलं. मी त्यांच्यावर ओरडलो. ते मला आता आठवूनही लाज वाटते.

बाहेर आल्यावर मी वाद घातला. तेव्हा त्यांनी दारातूनच लांब काठीला पेचकस बांधला आणि भिंतीजवळ तुळईत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा नुसता भुसा आणि पांढरी वाळवी गळाली. वरचा रंग आणि धुराचा थर एवढंच लाकूड उरलं होतं. खाली टेकू द्यायला वस्तीत गडीमाणूस नाही आणि आत जायची छाती कुणाची नाही. आम्ही आंब्याखाली बसून राहिलो. आईने तिथेच चूल मांडली.

साडेचारच्या सुमाराला आधी कडकन आवाज झाला. मग पोत्यातून दाणे ओतावेत तसा आवाज बराच वेळ येत राहिला आणि घराच्या मधोमध धुळीचा लोट आभाळात चढला. मागच्या वस्तीतली म्हातारी माणसं ज्वालामुखी फुटला असं ओरडत रानात पळाली. तीन आठवडे त्यांना हे मीच शिकवलं होतं. मी हाक मारून खरं सांगायला उठलो, तोवर ती दिसेनाशी झाली होती.

आज सकाळी ढिगाऱ्यात पाळणा दिसला. त्याची फळी फळी वेगळी झाली आहे. कडी मात्र तशीच शाबूत आहे, तुळईच्या तुकड्यासकट. ओळंबा तिलाच लोंबतो आहे.

रश्मी, तुझी तब्येत बरी असती तर दसऱ्यानंतर मी तुला हौसेने आणलं असतं आणि त्या कडीखाली निजवलं असतं. बारशाला बाळाला तिच्यावरच टांगलं असतं. सगळ्या गावाला मी भुई दाखवत होतो. तुझी आई तीन आठवडे वर बोट दाखवत होती आणि तिच्या बोलण्याला मी वहीत एक ओळसुद्धा दिली नाही. माती टाकली तीही मीच. मला काल संध्याकाळपासून जेवण जात नाही. तुला आता काय सल्ला देऊ? मला सल्ला द्यायचा अधिकार राहिलेला नाही.

आबा



तिसगाव
दि. ९ नोव्हेंबर १९९३

(हे पत्र तुझ्या आईने सांगितलं आहे. ती म्हणाली, मी बोलते तसंच लिवा, तुमचं शुद्ध करू नका. त्याप्रमाणे लिहितो.)

रश्मे, बाई, जयभीम.

महेंद्ररावांची चिट्ठी आली, तुजं बीपी खाली आलं म्हून. जीवाला लई बरं वाटलं. डाक्टरीनबाई सोमवारी जीपनं जा म्हनल्या, हेबी कळलं. तू इचारलं, येऊ का नको. तुजा आबा म्हनला, तूच सांग. त्यो दहा दीस झालं, कुटंबी बसायच्या आदी वर बघतो. काल एसटीत बसला तर टपाकडं बघत हुता, कंडाक्टर हसला. म्हून आता मीच सांगते.

काकंत कळसा अन् गावाला वळसा, असं केलं ह्या मानसानं. पर तू त्याला बोलू नगं. त्यानं मोजलं म्हून तुला कळलं. न्हाई मोजलं असतं तर आमी तिगंबी आज न्हवतो. हे मी त्याला सांगितलं तवा लेकरावानी रडला. ही वळ बी लिवा म्हनलं. लिवली का? लिवली.

आता ऐक. आंब्यापाशी पाचटाचं छप्पर घातलंय. कुड कपाशीच्या पळाट्याचं, वर पाचट, मेढी नव्या कडुलिंबाच्या. सोता ठोकून ठोकून बघितल्या. पडलंच तर टेंगूळ येईल, जीव न्हाई जायचा. शेजारची लंकाबाई म्हनली, बाळंतिनीला ऊब पायजे, तर मी आतून गोनपाट लावलंय. शेगडीपुरती जागा सारवून घेतली. डिंक आनलाय.

पाळना तर मोडला. माज्या जुन्या लुगड्याची झोळी केलीया, आंब्याच्या फांदीला. दुपारचं बाळ तितं निजंल, रातचं तुज्या कुशीत. फांदीचा मला भरवसा हुता, पर आता कशाचाच भरवसा धरू वाटंना. सपनात ढिगाऱ्याखाली सायलीची बाहुली दिसती. मंग म्या झोळीत वरवंटा ठिवला. बाळापरीस जड हाय त्यो. रोज सकाळी झोळीपासनं भुईपत्तुर इतीनं मोजते. पयल्या दिशी दोन बोटं कमी भरलं. तुजा आबा लगीच दचकला. म्या म्हनलं, भुई वर आली न्हाई, लुगडं ताणलं. मंग फांदीबी चाचपून बघितली, बुडापत्तुर.

तवापासनं आज सात दीस झालं. चार इती अन् दोन बोटं. रोज तेवढंच. येक बोट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई.

म्हून सांगते, ये. सायलीलाबी संगट आन. वरवंटा आता काढून ठिवते, झोळी मोकळी हाय.

तुजी,
आई

(वरचा मजकूर तुझ्या आईने सांगितला तसाच उतरवला आहे, एक शब्दही गाळलेला नाही. विती मी मोजल्या नाहीत, मी फक्त वहीत लिहिल्या. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस. — लेखनिक, तुझे आबा, रंभाजी)